ओळख परेड

सातारा

प्रिय शिवांजली,

फोनवर तू विचारलंस, कसं झालं, आणि मी 'झालं' म्हणून विषय बदलला. राग मानू नकोस. काही गोष्टी तुझ्या प्रश्नांच्या मधे सांगता येत नाहीत.

काल तुझ्या बाबांना इथल्या कोर्टात नेलं. निघताना त्यांनी बुटांना स्वतः पॉलिश केलं. मला ओळखत नव्हते, 'बाई' म्हणत होते, पण बूट आरशासारखे. रिक्षात सारखं 'कुठं चाललोय?' मी सांगत होते, लेक जर्मनीत वकील आहे, तिच्या केसला. युद्धगुन्हा कुठल्याही देशात झालेला असो, जर्मनीत त्याचा खटला चालू शकतो, हे तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा बाबा जेवता जेवता उठून अंगणात गेले होते, आठवतंय? तेव्हाच जबानी झाली असती तर! पण तेव्हा तो आफ्रिकेतला कर्नल सापडला नव्हता, आणि सापडला तोवर बाबाच हरवायला लागले.

व्हिडिओवर जर्मन न्यायाधीशबाई होत्या, शेजारी दुभाषी. आफ्रिकेतल्या त्या बाजाराचं विचारलं, ट्रकांचं विचारलं. बाबा हसून म्हणाले, तुमच्याकडं पाऊस कसा आहे? मला राहवेना. म्हटलं, मला सगळं ठाऊक आहे, मी सांगते. कोर्टातला कारकून हळूच म्हणाला, "आवं मावशी, तुमी डोळ्यांनी बघितलंय व्हय?"

मग फोटो दाखवले. सगळे गणवेशातले, एकाच वयाचे. बाबांची नजर एकेकावरून सरकत गेली. एका फोटोपाशी ते ताडकन उभे राहिले आणि सॅल्यूट ठोकला. ओळखता का, असं दुभाष्यानं विचारलं, तर म्हणाले, "साहेब हायत." हात खाली येईना. तुला लहानपणी ते अंगणात म्हणायचे तसं शेवटी मीच 'विश्राम' म्हटलं, तेव्हा बसले.

शांतिसेनेतून परतल्यावर एकदाच, उसाच्या बांधावर बसून ते बोलले होते. "सकाळी तो कर्नल आमच्या छावणीच्या गेटवर आला तवा त्याला सॅल्यूट करावा लागला गं. आन् दुपारी त्यानंच बाजारातली माणसं ट्रकात भरली. आमी मचाणावरनं बघतोय, वायरलेसवर वरडतोय. ट्रक गेलं, माणसं परत आली न्हाईत."

हे लिहिते, कारण आता तो जबानीचा कागद तुझ्या टेबलावर येईल. त्यात एवढंच असेल, की साक्षीदारानं आरोपीला सॅल्यूट केला. त्याचा वकील म्हणेल, बघा, किती मान देतो. मी खरं सांगितलं तर ते ऐकीव. तू सांगितलंस तर तू पडलीस लेक. ज्यांची दोन मुलं त्या ट्रकात गेली, त्या तुझ्या अशील मरियमबाई तुला विचारत असतात ना, तो हिंदुस्थानी शिपाई कधी बोलणार? त्यांना सांग, बाबांनी ओळखलं. कसं ओळखलं, असं त्या विचारतील. तेव्हा आधी गेटवरच्या त्या सॅल्यूटचं सांग, मग कालच्या.

तुझीच,
आई