कर्कोट शेटच्या कपाटातली डबी

कोल्हापूर,
४ जून २०२५

चि. श्रीशैल यास,
वर्षाताईचे आशीर्वाद आणि आपल्या लिंगायत रीतीनं शरणार्थी. आप्पांची आणि माझी तब्येत ठीक. तुझं कळव.

फोनवर आपलं दुसऱ्याच वाक्याला भांडण होतं, म्हणून कागदावर लिहिते आहे. तुझ्या कंपनीच्या नव्या गेममधले संवाद वाचले. कर्कोट शेटची भाषा अस्सल कोल्हापुरी झाली आहे का, एवढंच तू विचारलं होतंस. झाली आहे. इतकी, की मला आवाजसुद्धा ओळखू आला.

आमच्या कॉलेजातल्या पूर्णिमानं गेम लॅपटॉपवर लावून दिला. काजळनगरचे कालवे, भिंतींतून फिरणारी भुतं, छपरांवरून सावलीसारखा सरकणारा चोर, सगळं आवडलं. माझा चोर मात्र दर वेळी पहारेकऱ्यांना सापडत होता. पूर्णिमा म्हणाली, मॅडम, चोरीला निघालाय की वर्गावर?

मग कर्कोट शेट आला. अर्ध्या शहराचा मालक, ज्याच्या एका शब्दावर माणसं कालव्यात बुडवली जातात. अडकित्त्यानं सुपारी कातरत, समोरच्याकडे न बघता तो म्हणतो, बसा की पावणं. कबनूरच्या कारखान्यात माणसाला कामावरून काढताना आप्पा असंच म्हणायचे. आणि शेटच्या कपाटात लोकांच्या गळ्यातून ओढून घेतलेल्या चांदीच्या डब्या आहेत. ते तर मला बघवलं नाही.

आप्पा कठोर होते, मी नाही म्हणत नाही. संपावर गेलेल्या कामगारांची बिऱ्हाडं त्यांनी माणसं घालून रस्त्यावर आणली, हे सगळ्या कबनूरला ठाऊक आहे. पण आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. भावकीतली पोरं हा गेम खेळणार आणि ओळखणार. जिवंत बापाला असं बाजारात उभं करणं बरोबर आहे का? की मी नुसतीच भित्री आहे आणि भीतीला चांगुलपणा म्हणते आहे? मला ठरवता येत नाही. दिवाळीला गेम विकायला येण्याआधी शेटचं रूप बदल, एवढीच विनंती.

लोभ आहे तेवढा तरी राखावा.
तुझी,
वर्षाताई


पुणे,
११ जून २०२५

ती. ताईस,
श्रीशैलचा सा. न. आणि शरणार्थी.

शेट बदलता येईल. आधी दुसरं लिहितो. आपली अक्का आजऱ्याला, तिच्या सासरी आहे असं तुला वाटत असेल. ती माझ्याकडे आहे. पोटाचा कॅन्सर. डॉक्टरांनी उपचार थांबवले आहेत. तुला कळवायचं नाही अशी तिचीच ताकीद होती, पण आता तिला एक गोष्ट हवी आहे आणि ती तुझ्या घरात आहे.

तिनं विजयसिंह दाजींशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा आप्पांनी भर दारात तिच्या गळ्यातली लिंगाची डबी दोऱ्यासकट ओढून घेतली. मराठ्याच्या घरात आमचं लिंग जाणार न्हाय, म्हणाले. मी तिथंच उभा होतो. गेममधलं कपाट मला कुठून सुचलं, हे आता तुला कळेल.

आपल्यात माणसाला पुरताना त्याचं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात. अक्काला स्वतःचंच हवं आहे, तान्हेपणी स्वामींनी बांधलेलं. इथल्या मठातले स्वामी नवं द्यायला तयार आहेत. तर म्हणते, दुसरं कशाला, माझं हाय की आप्पांकडं. दाजींनी दहनाऐवजी दफन करायचं कबूल केलंय. घरचा घनसाळ तांदूळ आणून रोज तिच्यासाठी पेज करतात आणि ती दोन चमच्यांत पुरे म्हणते.

देवघरातल्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे असते. आप्पा पूजा आटोपून घरामागच्या परड्यात बसले की डबी काढ आणि मिळेल त्या एसटीनं ये. त्यांच्याजवळ एक अक्षर बोलू नकोस. एवढं कर, मग शेटला म्हणशील तसं टक्कल पाडतो, मिशा लावतो.

तुझा लोभ आता खरोखर लागणार आहे.
श्रीशैल


कोल्हापूर,
२४ जून २०२५

चि. श्रीशैल यास,
आशीर्वाद. पुढचं फोनवर सांगायचं धाडस झालं नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी कपाट उघडलं. डबी होती, तुटलेल्या दोऱ्यासकट. हातात घेतली आणि परत ठेवली. न विचारता नेली तर ती चोरी. मग ओढून घेणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय, असं वाटलं. शिवाय मुलगी चालली आहे हे कळल्यावर बाप स्वतःच देईल, आणि अक्काला त्याचंच जास्त समाधान होईल, असंही वाटलं. बापाला तेवढी एक संधी द्यायला नको का?

गेल्या सोमवारी पूजेनंतर सांगितलं. बस की पोरी, म्हणाले. सुपारी कातरत सगळं ऐकलं. डोळे पुसले. मग म्हणाले, देतो की, माझीच लेक हाय न्हवं ती. फुडच्या सोमवारी माझ्या हातानं पोचवतो. मी आनंदानं तुला फोन केला, तो तुझ्या लक्षात असेलच.

काल सोमवार. गुंडू ड्रायव्हरला गाडी काढायला लावून ते एकटेच गेले. मी पुण्याची बॅग भरत होते. परत आले, पाय धुतले आणि म्हणाले, पोचवली. मी विचारलं, कुणाकडे? पंचगंगेत सोडली, म्हणाले. देवाची वस्तू हाय, त्यांच्यात जायाला नगो. वर म्हणाले, तू इचारलंस ते बरं केलंस, ती कपाटात हाय ह्येच मी इसरलो हुतो.

मी ओरडले, श्रीशैल. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांवर ओरडले. ते म्हणाले, आवाज कमी कर आणि च्या टाक. आणि मी चहा टाकला.

अक्काला काय सांगायचं ते तू सांग. मी येऊ का?

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
वर्षाताई


पुणे,
२ जुलै २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

अक्का शनिवारी गेली. फोन दाजी करणार होते. त्यांना तो जमला नाही आणि मला करावासा वाटला नाही.

तुझा आनंदाचा फोन आला त्याच दुपारी स्वामी नवं लिंग घेऊन आले होते. अक्कानं हात जोडून त्यांना परत पाठवलं. म्हणाली, आप्पा सोताच्या हातानं देणार हायत. त्यानंतर दारावरची बेल वाजली की तिकडे बघायची. तुझं पत्र आलं, ते तिला दाखवलं नाही. ताईच्या गाडीला उशीर आहे, म्हणालो. मग पावसानं रस्ता अडलाय, म्हणालो. तिला खरं वाटलं असावं. नसेलही.

पुरताना स्वामींनी तिच्या हातावर नवं लिंग ठेवलं. तेव्हा दाजी म्हणाले, जित्तेपणी तिनं नको म्हटलेलं आता का? स्वामींनी ते उचलून घेतलं. हात तसाच मोकळा राहिला.

कर्कोट शेटला मी बदललेलं नाही, बदलणारही नाही. भावकीला ओळखू दे.

तुझं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. तू चोरी केली नाहीस, आप्पांना रीतसर विचारलंस. पण डबी अक्काची होती, ताई. विचारायचंच होतं, तर तिला विचारायचं होतंस.

लोभाचं या वेळी लिहीत नाही.
श्रीशैल