पखवाजाची कणीक

प्रिय नाना,

काल मी आईला पखवाजाची कणीक मळायला सांगितली आणि तिच्या हातातली परात तशीच राहिली. म्हणून हे पत्र. तुम्ही गेल्यापासून तुम्हाला काही लिहिलं नव्हतं. आता लिहितोय, तर अक्षर वाकडं येतंय. मास्तरकीच्या सवयीने त्यावर लाल रेघा मारू नका.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक वाजवणाऱ्यानेच मळायची, ही तुमची शिस्त. दुसऱ्याचा हात लागला की नाद बिघडतो, म्हणायचात. आम्हा पोरांना पिठाच्या डब्याकडे फिरकूही द्यायचा नाहीत. आणि तुमच्या शेवटच्या नृसिंह जयंतीला, पोखर्णीच्या देवळात वाजवायला निघताना, तुम्ही पीठ आईपुढे सरकवलंत. "तूच मळ, मला उशीर व्हायलाय," म्हणालात. उशीर कसला, नाना? एसटीला चांगला अवकाश होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आईला दिसलं होतं.

माझं काय चाललंय ते सांगतो. परभणीच्या एका छापखान्यात मी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवतो. तुम्ही ते यंत्र पाहिलं नाहीत. त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवळात जावं तसं. त्याला धूळ सोसत नाही, उकाडा सोसत नाही, म्हणून वैशाखातही आत गारठा. सध्या विद्यापीठाच्या नावाची पत्रकं येतात. नामांतर व्हावं म्हणणारे येतात, होऊ नये म्हणणारेही येतात, आणि दोघांनाही आजच्या आज हवं असतं. गाव तापलेलं आणि माझी बोटं गार.

आधी मनगट ठणकायला लागलं. मग करंगळीला मुंग्या आल्या. मालक हसले, "बटणं दाबून कुठं हात दुखायलाय का?" मी घरी येऊन पखवाजावर दुप्पट रियाज केला, कारण तुम्ही तसंच शिकवलं होतं. "दुखायलाय म्हणजे हात बसायलाय. थांबू नको." हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? आणि त्यांचा हात म्हातारपणी कसा होता, कधी विचारलंत?

डॉक्टर हसले नाहीत. हात उलटापालटा करून म्हणाले, "एका हाताला दोन नोकऱ्या लावल्यात तुम्ही. एक कमी करा, नाहीतर दोन्ही जातील." तेव्हापासून खुर्चीवर गोधडीची घडी घालून उंच बसतो, म्हणजे मनगट लोंबत नाही. एक पान झालं की उठतो, बाहेर उन्हात हात धरतो. घरी कोमट पाण्यात बोटं शेकतो. रियाज आरतीपुरताच. चार दिवस बरे जातात. मग एखाद्या सकाळी शर्टाचं बटण लागत नाही आणि मी आईकडे पाठ फिरवतो.

हात कसा जातो ते मी पाहिलंय. आपल्या भजनी मंडळाची रीत, देवाचा जन्म होईपर्यंत पखवाज खाली ठेवायचा नाही. त्या शेवटच्या जयंतीला जन्माच्या वेळेपर्यंत, म्हणजे दिवस मावळेपर्यंत, तुम्ही वाजवत राहिलात. मी मागे टाळ धरून उभा होतो. शेवटी शेवटी तुमची बोटं उठत नव्हती, नुसता तळवा पडत होता. गुलाल उधळला गेला, लोक म्हणाले मास्तरांनी आज काय वाजवलं. परत येताना एसटीचं तिकीट तुमच्या बोटांतून गळून पडलं आणि मी ते उचलून दिलं. त्यानंतर तुम्हाला वर्गात खडू धरवला नाही.

पुढे छातीत कळ आली, तीही तुम्ही अशीच गिळलीत ना? "काही न्हाई, पित्त हाय," म्हणून भिंतीकडे तोंड केलंत. आम्ही शेजारच्या खोलीत होतो. हाक मारली असती तर काय बिघडलं असतं? मला याचा राग आहे, नाना, अजून आहे.

काल आईने परात खाली ठेवली. माझा हात ओढून घेतला, बोटं एकेक करून वळवून पाहिली. करंगळी वळली नाही.

"कवापासून?" तिने विचारलं.

मी म्हणालो, तसं काही नाही, घाई आहे म्हणून.

"त्यांनी बी हेच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "म्या मळणार न्हाई. एकदा मळून दिली, लय झालं."

आणि उठून आत गेली. रात्री जेवली नाही.

उद्या जयंती. मंडळी मला न्यायला येणार आहेत, त्यांना मी वाजवीन म्हणून शब्द दिलाय. सकाळी मी आईसमोर पीठ घेऊन बसेन. गोळा झाला तर पोखर्णीला वाजवीन, आणि हात दुखला तर जन्माआधीच, सगळ्यांदेखत, पखवाज खाली ठेवीन. गोळा झाला नाही तर पखवाजाला खोळ घालून मंडळींना दारातच सांगेन की माझा हात गेलाय. पित्त म्हणणार नाही. हे वचन तुम्हाला देतोय, पण ते खरं तर आईसाठी आहे.

हे लिहितानाही ती दारात उभी आहे. कागदाकडे नाही, माझ्या हाताकडे बघतेय.

तुमच्याच हाताचा,
मनोहर