तीन टिकल्यांचा माल

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावं असं कधी वाटलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. दुकान सुरू होतं, आईचे गुडघे दुखत होते, मी तुमच्याच पाटावर बसून तुमच्याच फुंकणीने टाके लावत होते. आता सांगण्यासारखं झालं आहे. सेलूच्या बाजारातलं आपलं दुकान अजून उघडतं, पण लोक तुमच्या हातचे डागदागिने पिशवीत घालून वर्ध्याला नेतात आणि तिथल्या यंत्राखाली धरून खरे की खोटे ते पाहतात. बाबा, हे माझ्यामुळे झालं.

तुमचा ठसा तुम्ही मोडक्या कानशीचं टोक घासून स्वतः बनवला होता. तीन ठिपके आणि खाली एक रेघ. गोफाच्या आकड्यावर, पाटलीच्या आतल्या अंगाला तो टेकवून तुम्ही एकदाच हातोडी मारायचात. आंजीपासून रोहण्यापर्यंतच्या बाया त्याला ‘तीन टिकल्यांचा माल’ म्हणायच्या. सोयरिकीच्या बैठकीत कोणी विचारायचं, डाग कुठले? तीन टिकल्यांचे, एवढं सांगितलं की पुढची चौकशी होत नसे. मी सातवीत असताना एका पितळेच्या अंगठीवर तो ठसा मारून मैत्रिणीला वाढदिवसाला दिली होती. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही जेवायला बसला होतात. ताटावरून उठलात. हात धुतले, कपाटातून चांदीची अंगठी काढली आणि मला घेऊन भर उन्हात तिच्या घरी गेलात. चांदीची दिली, पितळेची परत घेतली. येताना रस्त्यात एवढंच म्हणालात, “काऊन केलं तू असं? लोकं सोनं पाहून आपल्याकडं येत नाईत, पोरी. सोनं कोणाले कळते? थे तीन टिकल्या पाह्यतात.” तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. मार खाल्लेलं विसरून जाता येतं.

पाच वर्षांपूर्वी वर्ध्याला मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचं दालन उघडलं. नाव सगळ्यांच्या तोंडी असलेलं. नटी गळाभर हार घालून जाहिरातीत वळून बघते, ते. आपल्याकडची गर्दी तीन-चार महिन्यांत ओसरली. सकाळी दुकान झाडून बसायचं आणि दुपारपर्यंत समोरच्या चहावाल्याशी बोलायचं. शेवटी मी एकदा चेहऱ्याला रुमाल बांधून ते दालन पाहायला गेले. वरच्या मजल्यावर काचेत तो नटीचा हार होता. आपल्या जिल्ह्यात तो कोणी घेणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. खालच्या मजल्यावरचं विकलं जावं म्हणून तो वर ठेवला होता. आणि खाली काय होतं सांगू? नऊ कॅरेटचं. नखाएवढी पदकं, फुंकर मारली तर उडतील अशी कानातली. डबा मात्र तोच, निळी मखमल तीच, झाकणावर नाव तेच. माझ्या शेजारी सेलूचीच एक मुलगी उभी होती. तिच्या आजीच्या पाटल्या तुम्ही घडवल्या होत्या. ती दागिन्यापेक्षा डबाच उलटसुलट करून पाहत होती. मी विक्रेतीला विचारलं, यात सोनं किती? ती हसून म्हणाली, “मॅडम, कॅरेट कोण बघतं? नाव दिसतं ना.”

परतीच्या बसमध्ये मला तुमचा राग आला होता, बाबा. खरंच सांगते. वाटलं, नाव तर आपल्याकडेही आहे. या माणसाने जन्मभर कमावलं आणि तिजोरीत ठेवल्यासारखं ठेवलं, कधी वापरलं नाही. महिनाभरात मी नागपूरहून तांब्याचे तयार गोफ, पाटल्या, झुबे आणले, त्यांवर सोन्याचा मुलामा चढवून घेतला आणि तुमचा ठसा मारला. घेणाऱ्याला सांगायचे की हा हलका, मुलाम्याचा माल आहे. खोटं बोलत नव्हते. पण त्या कंपनीने कॅरेट दागिन्यावर कोरून तरी दिला होता. मी तुमच्या तीन टिकल्यांखाली काहीच कोरलं नाही. दुकानात सांगितलेलं दुकानातच राहतं आणि डाग मात्र गावोगाव फिरतो, हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते. माल खपला. बाया पुन्हा बाकावर बसायला लागल्या. आई म्हणाली, “तुया बापाची पुण्याई कामी येऊन राह्यली.” मी मान हलवली.

आंजीचे शिंपीकाका आठवतात तुम्हाला? लग्नानंतर वर्षभराने काकूंसाठी गोफ करून घ्यायला आलेले, आणि तो होईपर्यंत रोज संध्याकाळी सायकलवरून पाहायला येणारे. ते दोन वर्षांपूर्वी आले. अंगात काही राहिलं नव्हतं. रुमालात तोच गोफ होता. म्हणाले, “पोरी, हा मोडून दे. दवाखान्याले लागते. आन् असाच दुसरा करून दे, पिवळा दिसला म्हंजे झालं. तिले सांगू नको. थे घाबरते.” मी तांब्याचा गोफ काढला. त्यांनी तो हातात घेऊन आकडा पाहिला आणि अगदी हळू म्हणाले, “ठसा मारजो बरं. थे रोज गळ्यात घालताना टिकल्यांवरून बोट फिरवते.” तुम्ही घडवलेला गोफ मी माझ्या हाताने वितळायला मुशीत टाकला, आणि तुमचा ठसा त्या तांब्याच्या गोफावर मारला. तेव्हा मला ते चांगलं काम वाटलं होतं. एक आजारी माणूस बायकोला जपत होता आणि मी त्याला मदत करत होते. या हिवाळ्यात काका गेले.

चैत्रात काकू आल्या. दुपारची वेळ, बाकावर दोन बाया नवरीसाठी झुबे पाहत बसलेल्या. काकूंसोबत त्यांची मुलगी होती. गोफ मोडून दोघी नातींना सारखं सारखं करायचं म्हणून त्या आधी वर्ध्याच्या त्या दालनात गेल्या होत्या. तिथे जुनं देऊन नवं घ्यायची काही योजना होती. यंत्राखाली ठेवल्यावर तिथला माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, आजी, हे तांबं आहे. काकूंनी गोफ माझ्यासमोर काचेवर ठेवला. आवाज चढवला नाही. “पोरी, तुया बापानं मले फसोलं का?”

मला सगळं सांगता आलं असतं. काकांचं नाव घेतलं असतं तर मेलेला माणूस बायकोच्या नजरेतून उतरला असता. निदान मला तसं वाटलं. माझं नाव घेतलं असतं तर त्या दोन बाया उठून गेल्या असत्या. उरलात तुम्ही. बाबा, मी म्हणाले, “काकू, तो बाबांच्या वेळचा डाग आहे. त्यांनी काय केलं, मला कसं ठाऊक असणार?” तोंडातून बाहेर पडल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती ही, की बरं झालं तुम्ही नाहीत.

काकूंची मुलगी काहीबाही बोलत होती, पोलिसांचं नाव घेत होती. काकूंनी तिला हाताने थांबवलं. “माया माणसानं सहा महिने मशीन चालोली याच्यासाठी,” त्या म्हणाल्या. “थे गेले तरी बिचाऱ्याले समजलं नाई.” गोफ तिथेच सोडून त्या पायऱ्या उतरल्या. बाकावरच्या बायांनी झुबे घेतले. हलके, मुलाम्याचे. मी बांधून दिले.

तेव्हापासून सुरू आहे. आंजी, रोहणा, कुठून कुठून तीन टिकल्यांचे डाग वर्ध्याला जातात. ज्यांनी माझ्याकडून हलका माल घेतला त्यांना तो हलकाच आहे हे माहीत आहे, ते नेत नाहीत. नेतात ते तुमचे. आणि बाबा, तुमचा एकेक डाग खरा निघतो. तुम्ही म्हणत होतात तेवढाच, कणभर कमी नाही. मला वाटलं होतं, चार खरे निघाले की लोक गप्प बसतील. पण खरा निघालेला माणूस म्हणतो, आपलं नशीब. आणि पुढचा आपला डाग घेऊन निघतो. काहीजण तिथेच देऊन टाकतात आणि निळ्या मखमलीचा डबा घेऊन येतात. परवा बाजारात एक म्हातारा मला ऐकू जाईल असं म्हणाला, “सोनाराचं कोणाचं खरं असते?” ज्या माणसाने पितळेच्या अंगठीसाठी ताट सोडलं, त्याच्याबद्दल. मी भाजीवाल्याकडे वांगी निवडत उभी राहिले.

दोनदा आंजीला जायला निघाले. एकदा बस स्टँडवरून परत आले. एकदा काकूंच्या अंगणापर्यंत पोचले. त्या ओसरीवर काकांच्या मशीनवर पांघरूण घालत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “ये. तुया बापाचा राग तुयावर नाई मले.” मी बसले. त्यांनी चहा दिला. मी चहा प्यायले, उन्हाबद्दल बोलले, त्यांच्या नातींच्या शाळेबद्दल विचारलं आणि चारच्या बसने परत आले. त्या मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या होत्या.

आज दुकान बंद ठेवून हे लिहायला बसले. आईला सांगितलं आहे, डोकं दुखतं. काय झालं, कोणी केलं, ते इतकं सरळ मी कोणालाच सांगितलेलं नाही, आणि लिहिताना कळत होतं की हे आंजीला जायला हवं. काकूंना वाचता येतं. पत्ता मला पाठ आहे. तरी मी वरती ‘बाबा’ लिहिलं, कारण तुम्ही हे वाचणार नाही.