यंत्राला पाठ असलेले वसंताचे पान

५ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी वसंता आला. जिन्यातूनच आवाज : "काय भो पंडित, मी अमर झालो!" सूरतच्या आमच्या मराठी मंडळाच्या जुन्या स्मरणिकेतील त्याच्या 'तापीकाठ' या लेखाची पहिली ओळ त्याने फोनमधल्या एआयला दिली आणि त्या यंत्राने पुढचा सबंध परिच्छेद म्हणून दाखवला. स्वल्पविरामांसकट. सौ.ने त्याला दोनदा चहा दिला.
आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने निवृत्त बँक अधिकाऱ्याचा मत्सर करावा, याला कारण हवे. आहे. त्याच अंकात माझाही लेख होता. त्याचा पहिल्या पानावर. माझा शेवटी, साड्यांच्या जाहिरातींना लागून.

६ डिसें., शनि.
प्रयोग. सून मेधा संगणकाचेच काम करते; तिच्याकडून यंत्र उघडून घेतले. फसव्या युक्तिवादांवरच्या माझ्या 'हेत्वाभास' लेखातील अर्धे वाक्य दिले. त्याने ते पूर्ण केले, परंतु माझ्या शब्दांत नव्हे. ओघवते, नेटके, मी कधीही न लिहिलेले. किंचित बरेसुद्धा. (हे केवळ येथे.) पाच वाक्ये दिली, पाचही वेळा तोच प्रकार. मग वसंताचे अर्धे वाक्य. उरलेले जसेच्या तसे.
मेधा : "बाबा, त्याच्याकडे पुस्तकं रचून ठेवलेली नसतात. पुढचा शब्द कोणता येईल, एवढंच ते शिकतं. पण तोच मजकूर शेकडो वेळा समोर आला, की पाठच होतो. काकांचा परिच्छेद शाळेच्या भाषणांच्या साइट्सवर जिकडेतिकडे चिकटवलाय. तुमचा लेख…"
"एकदाच छापला गेला."
"आणि नेटवर नाहीच ना, बाबा."
म्हणजे प्रश्न गुणवत्तेचा नाही, पुनरुक्तीचा आहे. निष्कर्ष निर्दोष. समाधान शून्य.

८ डिसें., सोम.
यंत्राने म्हटलेला परिच्छेद आज ओळीओळीने तपासला. तिसरी ओळ : तापीच्या उत्तर तीरावर सूरत, दक्षिण तीरावर रांदेर. नेमके उलटे. आम्ही रांदेरच्या बाजूचे, अडाजणचे लोक रोज पूल ओलांडून दक्षिणेला सूरतेत जातो.
यंत्राला सरळ विचारले, सूरत कोणत्या तीरावर? उत्तर : दक्षिण. अचूक. पुन्हा परिच्छेद म्हणायला लावला : उत्तर. ठाऊक असलेले आणि पाठ असलेले यांची तेथे गाठच पडत नाही. आमच्या शास्त्रात स्मृतीला यथार्थ ज्ञानाच्या पंक्तीला का बसवत नाहीत, ते शिकवायला इतके सोपे उदाहरण मला तेव्हा मिळाले नाही.
सौ. : "अहो, जेवायला या. ते काही तुमच्या वर्गात बसलेलं नाही."
ती चूक मी आज प्रथम पाहिली, असे मात्र नाही.

९ डिसें., मंगळ.
लिहूनच टाकतो. त्या अंकाची मुद्रिते, म्हणजे प्रुफे, मी तपासत असे. वसंताच्या हस्तलिखितात तीर बरोबर होते. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने दोन शब्दांची अदलाबदल केली. मला दिसले. लाल पेन ओळीवर नेले होते. पहिले पान त्याला दिल्याचा राग ताजा होता. पेन उचलले, पुढच्या ओळीवर गेलो. लोक हसतील, अशी अपेक्षा.
कोणी हसले नाही. लोकांनी उतरवून घेतले.
तेव्हा यंत्राला पाठ असलेल्या त्या पानात माझेही काही आहे. तेवढेच.

१२ डिसें., शुक्र.
वसंता पोंक, इकडचा ज्वारीचा हुरडा, घेऊन आला. जिन्यात आवाज नाही. मंडळाच्या यंदाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात 'तापीकाठ' पुन्हा छापणार होते. संपादकबाईंनी चूक पकडली.
"जन्म भुसावळचा, हयात इथली. सगळी तापीकाठीच गेली भो. आणि हे मी लिहिलं? डोकं ठिकाणावर होतं का माझं?"
लेख मागे घेतो म्हणाला. मेधाने समजूत घातली : "काका, छापताना दुरुस्त करू की."
"इथे करशील, पोरी. त्या यंत्राच्या पोटातलं कसं काढशील? माझ्या नावावर जन्मभर उलटी तापी!"
सौ. म्हणाली, पोंक गार होतोय. कोणी हात लावला नाही.
जाताना दारात : "पंडित, मूळ कागद तुझ्याकडेच राहायचे ना? बघ रे, माझ्याच हातची चूक आहे का. असली तर असली. एकदा डोळ्यांनी पाहू दे."
"पाहतो," म्हणालो.

१३ डिसें., शनि.
संपादकबाईंचा फोन. "सर, वसंतराव माघार घेताहेत. मग पहिल्या पानावर तुमचा 'हेत्वाभास' घेऊ?" उद्या संध्याकाळपर्यंत कळवा म्हणाल्या.
इतकी वर्षे जे हवे होते ते, एका अक्षराचाही फरक न होता. हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. आनंद झाला, याची नोंद करतो.

१४ डिसें., रवि.
कपाटातील खाकी फाइल काढली. त्याचे हस्तलिखित आहे : दक्षिण तीरावर सूरत. गिरवल्यासारखे ठसठशीत अक्षर. त्याखाली टाचलेले मुद्रित. माझ्या लाल खुणा नऊ. तिसऱ्या ओळीच्या समासात एक लाल ठिपका, पेन टेकल्याचा. खूण नाही.
नुसते हस्तलिखित दिले, तर दोष जुळाऱ्यावर जाईल आणि वसंता सुटेल. युक्तिवाद उभा राहतो. त्यातील हेत्वाभास मला दिसतो आहे.
टाचणी गंजली आहे. ओढली तर दोन्ही कागद फाटतील.
खाली वसंताची स्कूटर. सौ. उठू लागली. बस म्हटले, दार मी उघडतो. फाइल हातात आहे, टाचणी अजून जागेवर.