लोंगर झेलणारा माणूस

कोयता मी त्या माणसाच्या हातात दिला आणि बाजूला झालो. आत्या मागच्या पायरीवर बसून बघत होती, बाबा, तुम्ही बसायचा तशीच, गुडघ्यावर कोपर टेकून. त्याने केळीच्या खोडावर मध्यावर एक घाव घातला, झाड वाकलं, आणि खाली येणारा केळ्यांचा लोंगर खांद्यावर झेलून त्याने देठ तोडला. लोंगर जमिनीला लागला नाही. पांढऱ्या शर्टावर चिकाचा एक थेंब नाही. "भाऊ असता तर आजच सही केली असती," आत्या म्हणाली. पापडी गावातली तिच्या वाट्याची जमीन गेल्या महिन्यात विकली. पुढचं सगळं म्हातारपण त्या पैशावर काढायचं आहे, आणि तो गुंतवायला कोणाच्या हाती सोपवायचा हे ती तुमच्या पद्धतीने ठरवते आहे.

त्याच्या आधी गुंतवणुकीचा सल्ला देणारी एक मुलगी येऊन गेली. तिने नोंदणीचा क्रमांक दाखवला, तो कुठे तपासायचा ते कागदावर लिहून दिलं. तासभर प्रश्न विचारले: गुडघ्याचं ऑपरेशन कधी, औषधं कुठली, आत्याच्या मागे कोण. कमिशन घेत नाही, फक्त फी घेते, म्हणाली. आत्याने कोयता पुढे केला तेव्हा हसली आणि म्हणाली की तिला जमणार नाही, हात कापून घेईल. ती फाटकाबाहेर पडली तशी आत्या म्हणाली, "हिला कोयता धरता येत नाही, वर बोलायचेसुद्धा पैसे घेते."

वाडी विकल्यावर तुम्हीही असाच एक माणूस मागच्या केळींत नेला होता. त्याने लोंगर झेलला, तुम्ही घरात येऊन हात धुतले आणि सही करायला बसलात. आई चहा घेऊन उभी आहे. कागद एकदा कोणाला तरी दाखवू या, एवढंच ती म्हणते. तुम्ही त्याच्यासमोर म्हणता, "तू चहातली साखर बघ." तो हसतो. मीही हसतो.

दीड वर्ष व्याज आलं, मग त्याच्या ऑफिसला कुलूप. मग आईची किडनी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितलं होतं. आपण दोनदा नेत होतो, पुढे एकदा. शेवटी तिनेच नको म्हटलं, आणि तुम्हाला बरं वाटलं. मी तुमचा चेहरा बघितला होता. तिच्या बाराव्याला तुम्ही लोकांना सांगत होता की तो माणूस फसवा निघाला, पण हात कामाचा होता त्याचा. त्यानंतरची तीन वर्षं तुम्ही माझ्याकडे जेवलात, आणि आईला तुम्ही मारलंत हे मी तुम्हाला रोज ताटावर ऐकवलं. कधी बोलून, कधी नुसतं भाजी वाढताना. एकदा मीठ मागितलंत. मी ऐकलं आणि दिलं नाही.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या त्या माणसाला केळी तोडता येत नव्हती. तुम्ही कोयता हातात द्याल हे मीच त्याला सांगितलं होतं. मित्राच्या वाडीत आठवडाभर मी त्याला शिकवलं. पहिले पाच-सहा लोंगर त्याने आपटले. तुमच्या व्याजातून माझ्या नालासोपाऱ्याच्या फ्लॅटचा हप्ता सुटेल असं तो म्हणाला होता. तो लबाड आहे हे मला माहीत नव्हतं. पण कागद मीही वाचले नव्हते.

ही परीक्षा आठवडाभरात कोणालाही शिकवता येते, एवढंच आत्याला सांगायला हवं. ती विचारेल, तुला कसं कळलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथे लिहिता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आत्याचा तो माणूस आला. आत्याने सगळ्या कागदांवर सह्या केल्या. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली.