भिंतीचा रंग

दादा,

तू घर सोडलंस तेव्हा बाबा म्हणाले, "याचं तोंड बघायचं नाही मला." म्हणून आपल्या चौघांच्या फोटोवर, तुझ्या जागी, मी ऑइल पेंटने मागची भिंत रंगवली. इतकी बेमालूम जमली की तेव्हा मी खूशच झाले.

आज बाबाच म्हणाले, "निगेटिव्हवरून नवा फोटो कर गं. पोराचं तोंड बघू दे मला."

डार्करूममध्ये, ट्रेमधल्या कागदावर हळूहळू आई आली, बाबा आले, मी आले. तुझ्या जागी भिंत आली, माझ्या ब्रशच्या फटकाऱ्यांसकट. निगेटिव्हला मी कधी ब्रश लावलाच नव्हता रे.

बाबा दाराबाहेर ताटकळलेत. तुझा पत्ता माझ्याकडे नाही. एवढंच विचारायचंय, आरशात तू दिसतोस ना?

तुझी,
बारकी