शेवटच्या दोन मिनिटांचा गोंगाट

शुक्रवार, १७ नोव्हेंबर १९७८
सुट्टी. जेवणानंतर इथून, आखातातून, पुण्याला पाठवायची कॅसेट भरली. आईचे गुडघे, बाबांचा खोकला, शेजारच्या गोदाबाईंना नमस्कार. शुभदासाठी — "बरी आहेस ना? काळजी घे." एवढंच! लग्नाला वर्ष होत आलं, त्यातले दोन महिने एकत्र काढले. पण कॅसेट आली की सगळे टेपभोवती बसतात, गोदाबाईसुद्धा. बाबा बटण दाबतात. पत्रं आली तरी तेच फोडून मोठ्याने वाचतात. भर सभेत बायकोशी काय बोलणार?

गणपतला विचारलं. हा माझा खोलीतला सोबती, संगमेश्वरचा, एसी दुरुस्त करतो. म्हणाला, "आमच्याकडं तर आख्खी वाडी बसते आयकायला. मी म्हशीचं इचारतो. बायको समजते काय ते."

आमच्याकडे म्हैस नाही.

४ डिसेंबर
बँकेने फॅमिली व्हिसा मंजूर केला. क्वार्टरही देणार, पण मार्चअखेर बायको आली तरच. नाहीतर पुढच्या माणसाला. घरी कॅसेटवर कळवलं.

२३ डिसेंबर
पुण्याची कॅसेट आली. बाबा म्हणतात, "तिला शाळेत नोकरी लागली आहे. तू दोन-तीन वर्षांत परत येशीलच, मग ही धावपळ कशाला?" शुभदा सगळ्यांत शेवटी — "तुम्ही सगळे ठरवाल तसं."

तसं नकोय. तिला यावंसं वाटलं पाहिजे. मला ती इथे हवी आहे, फार हवी आहे. लिहायला काही जड गेलं नाही. बोलायला टेपसमोर बसलो की तिच्या नावापुढे गाडी जात नाही.

३ जानेवारी १९७९
बँकेच्या ऑडिटमधल्या, लंडनच्या डेरेकने जेवणाच्या सुट्टीत एक गाणं ऐकवलं. याला पंक म्हणतात. गाता येत नसलं तरी चालतं, म्हणे — ते ऐकताच कळतं. ढोल वाजवणारा डेरेकचा मावसभाऊ. ओरडणारा बिस्किटांच्या कारखान्यात कामाला. तिथे पुठ्ठ्याचे खोके चिकटवणारी एक मुलगी होती. याला तिच्याशी बोलायचा धीर होईना. एक दिवस ती नोकरी सोडून गेली. त्याने त्याच आठवड्यात एका खोक्यावर हे गाणं लिहिलं. दोन मिनिटांत संपतं.

शब्द डेरेकने सावकाश सांगितले. तू नाहीस तर करमत नाही, मला नीट सांगता येत नाही, पण तू ये, ये, ये. बस्स. पुढे काही नाही.

संध्याकाळी डोक्यातून जाईना. इतका बेसूर माणूस आणि नेमकं माझं बोलला!

शुक्रवार, ५ जानेवारी
ठरवलं. डेरेकचा टेप उसना आणला, माझ्या टेपच्या तोंडाला तोंड लावून ठेवला आणि कॅसेटच्या शेवटी ते गाणं घातलं. घरात इंग्रजी गाण्याचे शब्द कळतील तर फक्त शुभदाला. ती बी.ए. आहे. गणपत उशीत तोंड खुपसून म्हणाला, "भाऊ, तुमच्यापरीस माझी म्हस बरी."

२७ जानेवारी
बाबा: "कॅसेटच्या शेवटी काहीतरी गोंगाट येतो. दुकानदाराने जुना माल दिलेला दिसतो. दुकान बदल." शुभदा: "मी बरी आहे."

शुक्रवार, २ फेब्रुवारी
दुकान बदललं नाही. गाणं पुन्हा घातलं. या वेळी आवाज मोठा करून.

२४ फेब्रुवारी
बाबा: "पुन्हा तेच." आई: "तिथे तुझ्या खोलीशेजारी कसला कारखाना आहे का रे?" आणि मग शुभदा. आवाज जरा कापरा, पण स्पष्ट — "मला यायचं आहे. व्हिसा पाठवा. मामंजींना मी सांगितलं आहे."

सगळ्यांसमोर बोलली! बाबांसमोर! मला सात जन्म घेऊन जमलं नसतं. कॅसेट मागे घेऊन घेऊन तेवढंच ऐकलं. डेरेकला चहा पाजला. कारण सांगितलं नाही.

२२ मार्च
शुभदा आली. विमानतळावर "प्रवास कसा झाला?" एवढंच विचारलं. गाण्याचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. कळलेलं पुन्हा बोलून कशाला दाखवायचं?

११ ऑगस्ट १९८३
डेरेक लंडनला परत गेला. जाताना म्हणाला, ते गाणं आता क्लासिक झालंय. त्यावर कोणीतरी पुस्तकात प्रकरण लिहिलंय. ओरडणाऱ्याने बिस्किटं सोडली. खोक्यांवाल्या मुलीने खाटकाशी लग्न केलं, तीन मुलं आहेत.

६ मे १९८६
हॉटेलात बँकेची पार्टी. लिफ्टमध्ये तेच गाणं, पण नुसत्या सॅक्सोफोनवर, झोपाळलेलं. चौथ्या मजल्यावर उतरायचं होतं, सातव्यापर्यंत गेलो. शुभदा काही बोलली नाही. आमची ही पद्धतच आहे.

१५ फेब्रुवारी १९८९
आमच्या लेकीच्या, उल्काच्या शाळेचं गॅदरिंग जवळ आलं. टीचरनी तेच गाणं निवडलंय — पांढरे मोजे घालून चाळीस मुलं "ये, ये, ये" म्हणणार! घरी उल्का आणि तिची मैत्रीण मुनीरा टेप लावून तालीम करत होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "या गाण्यामुळे तुझी आई इथे आली." सगळी हकिकत सांगितली. उल्का म्हणाली, "Baba, that's so cute." दहा वर्षांत प्रथमच बोललो, बरं वाटलं.

शुभदा कणकेच्या हातांनी बाहेर आली. "कुठलं गाणं?"

"हेच."

"हे मी आज पहिल्यांदा ऐकतेय." मग म्हणाली, "गोंगाट सुरू झाला की मामंजी लगेच बंद करायचे. टेपचं हेड खराब होईल म्हणून. लिफ्टमधलं? मला वाटलं तुम्ही बटण विसरलात."

टेप कुलपात असायचा, किल्ली बाबांच्या जानव्याला. दहा वर्षं मी भलत्याच माणसाचे आभार मानत होतो. 

१६ फेब्रुवारी
सकाळी चहा घेताना विचारलं. मग आलीस कशी?

म्हणाली, "गोंगाटाच्या आधी तुम्ही 'शुभदा' म्हणायचात आणि गप्प बसायचात. बराच वेळ. नुसता श्वास ऐकू यायचा. दुसऱ्या खेपेला, मी यायचं सांगितलं त्याच दिवशी, मामंजी म्हणाले, कॅसेट संपली. बटणाकडे हात नेला त्यांनी. मी म्हटलं, थांबा, ते आहेत अजून."